मंडईआधीची तालीम

निवृत्तीला महिनाभर उरला आणि लोक मला प्रश्न विचारायला लागले. त्याआधी सगळ्या नोकरीत मला एकच प्रश्न आला होता : "साहेब, पानी कधी सोडता?" मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या तलावांची गेटं उघडायची, बंद करायची, कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी पोचलं आणि कोणाच्या नाही ते बघत मोटारसायकलवर हिंडायचं. ह्या कामात बोलावं कमी लागतं, ऐकून घ्यावं जास्त लागतं. मला ते मानवलं.

मुलगी न्यूझीलंडला एका दवाखान्यात नर्स आहे. नातू झाला तेव्हा बायको तिकडे गेली ती तिकडेच राहिली, आणि आता मीही निघालोय, हे कळल्यावर माणसं कालव्याच्या काठावर मला हात दाखवून थांबवू लागली.

"तिकडं धान होते का जी?"

"नाही. मेंढ्या पाळतात."

"मंग खाता काय? मेंढ्याच?"

मी कुठंतरी वाचलं होतं की तिथून चंद्र उलटा दिसतो. एक दिवस जेवताना वहिनीला ते सांगितलं. बायको गेल्यापासून मी संध्याकाळचा जेवायला गावी दादाकडेच जात असे. वहिनीचा हात वरणाच्या गंजात थांबला.

"मंग चतुर्थीचा उपास कसा सोडाचा? उलट्या चंद्राले हात जोडले त चालते का?"

"चंद्र तोच असतो वहिनी. आपण उलटे असतो."

"तुमी त आतापासूनच उलटे होऊन राहिले भाऊजी. जेवा, वरन थंडं होऊन राहिलं."

लोकांचं पाहून मलाही प्रश्न पडायला लागले. इतकी वर्षं जिथं राहिलो तिथलं काय काय आपल्याला माहीत नाही, असं मनात यायचं. आमच्या एका कालव्याची रेघ नकाशावर शेवटच्या बांधीपाशी संपते. पाणी काही तिथं संपत नसणार. मग ते जातं कुठं? एका दुपारी मोटारसायकल लावून पायी गेलो. पळसाच्या झुडपांमधून पाणी एका खोलगट जागेत पसरलं होतं आणि दोन बाया गुडघाभर चिखलात मासे धरत होत्या. मला पाहून एकीनं टोपली पाठीमागं धरली. "साहेब, इकडं कायले आले? पानी बंद कराले?" मी म्हटलं, नाही, नुसतं पाहायला आलो. त्यांचा विश्वास बसला नाही. खात्याचा माणूस नुसतं पाहायला कधी येतो?

पण एका प्रश्नाचं खरं उत्तर मी कोणालाच देत नव्हतो. तो प्रश्न होता : "मंडईले राहशील ना?"

बाहेरच्यांना सांगायला हवं, ही मंडई भाजीची नव्हे. आमच्याकडं दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. शेजारच्या गावाशी टक्कर होऊ नये म्हणून प्रत्येकाचा दिवस ठरलेला असतो. लेकी, जावई, दूर नोकरीला गेलेले सगळे त्या दिवशी गावात येतात. दुकानं लागतात, दुपारी दंडार नाचते, रात्री नाटक. दिवाळीला नाही आलं तरी कोणी काही म्हणत नाही. मंडईला नाही आलं, तर विचारतात, भांडण झालं का गा घरात?

पैसेवाली गावं बाहेरची कंपनी बोलावतात. आमचं गाव स्वतःच नाटक बसवतं, फक्त नट्या बाहेरून आणतं. त्या नाटकात मी कॉलेजात असल्यापासून एकच काम करत आलो, प्रॉम्प्टरचं. विंगेत स्टुलावर बसायचं, पुस्तक मांडीवर घ्यायचं, नट अडकला की वाक्य सांगायचं. सांगायचं असं की त्याला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेला जाऊ नये. गप्प माणसाला याहून चांगली जागा नाटकात नाही.

आणि दादा दरवर्षी बापाचं काम करतो. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, शेती सांभाळतो, आवाज असा की माईक बंद पडला तरी मागच्या बाया रडतात.

दोन मंडयांपूर्वी मला पहिल्यांदा जाणवलं. एरवी मी वाक्याचे पहिले दोन शब्द दिले की पुढचं तो ओढून न्यायचा. त्या वर्षी अर्धं वाक्य द्यावं लागलं. गेल्या वर्षी पूर्ण. मी जे देईन ते तो श्वासाबरोबर आत घेई आणि बाहेर फेकी. पहिल्या रांगेला पत्ता लागला नाही. टाळ्या नेहमीसारख्याच पडल्या.

मी घाबरायला हवं होतं. घाबरलोही. पण त्याआधी मला कुतूहल वाटलं, हे आता लपवत नाही. तलावाच्या पातळीपट्टीकडे बघावं तसा मी दादाकडे बघायला लागलो. काय जातं आणि काय राहतं? गाणी गेली नव्हती. कुठल्या बांधीची माती कशी, कोणत्या वर्षी कुठं धान लोळला, सगळं होतं. मोठमोठी भाषणं बरीचशी होती. जात होती ती लहान वाक्यं. "कोण?" "कधी?" "नाही." आधी मला याचं नवल वाटलं, मग समजलं. भाषण आपल्या आतून येतं. लहान उत्तराला समोरचा आत्ता काय बोलला ते लक्षात राहावं लागतं.

हे मी कोणाला सांगितलं नाही. दादालाही नाही.

आता दुसरी गोष्ट. गावाला वाटत होतं मी बायकोला आणायला चाललोय, सहा महिन्यांनी येईन. मी तसं कधी म्हटलं नव्हतं. लोक म्हणायचे, मी मान हलवायचो. माझं तिकीट भाऊबीजेनंतरचं होतं, आमच्या मंडईच्या पाच दिवस आधीचं, आणि ते परतीचं नव्हतं. शिवाय ज्याला त्याला वाटे की मुलीनं हट्ट धरला म्हणून बिचारा म्हातारपणी देश सोडून चालला. खोटं आहे. मुलगी म्हणत होती, बाबा, या, थोडं राहून बघा, नाही आवडलं तर परत जा. मीच म्हणालो, मला कायमचं घेऊन चल.

का म्हणालो? बरंचसं याच कुतूहलापोटी. जिथं मला कोणी ओळखत नाही तिथं मी कसा असेन ते पाहायचं होतं. आणि थोडं दुसऱ्या कारणानं. आमचे बाबा शेवटी आम्हाला ओळखेनासे झाले होते. तेव्हा मी सालेकशाला नोकरीवर होतो, पंधरा दिवसांतून एकदा येई. धुणं, भरवणं, रात्री अंगणात निघून गेले की शोधून आणणं, सगळं दादावहिनीनं केलं. दादाला अर्ध्याऐवजी पूर्ण वाक्य द्यावं लागलं त्या रात्री विंगेत बसल्या बसल्या मला बाबा आठवले, आणि दुसऱ्याच आठवड्यात मी मुलीला फोन लावला. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

कार्यालयातला निरोप झाला. शाल, नारळ, ढोकळा. साहेब म्हणाले, "यांनी कधी कोणाला उलट उत्तर दिलं नाही." टाळ्या पडल्या. मी मनात म्हटलं, उलट नाही आणि सरळही नाही.

क्वार्टर रिकामं केलं, बरंचसं सामान देऊन टाकलं, उरलेलं दादाकडे नेलं. त्यानंतर दोनतीन दिवसांनी वहिनी अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. दादा लवकर पिकणारा हलका धान कापायला शेतात गेलेला. मी खाटेवर होतो.

"भाऊजी, एक विचारू?"

"विचारा ना."

"फिरून येनारा मानूस मिक्सर देऊन टाकते का?"

मी खाटेची सैल दोरी ओढून बघितली.

"पलंग दिला, कपाट दिलं, समजून घेतलं. मिक्सर दिला तवाच म्या ओरखलं. तुमी परत येऊन नाई राहिले." सुपातून एक खडा काढून तिनं बाजूला टाकला. "अन् तुमच्या दादाचंही मले मालूम हाये. तुमाले वाटते का तुमालेच दिसते? भाजी आनाले जातेत, बाजारात उभे राहतेत. दुकानदार विचारते, काय देऊ? हे म्हनतेत, नेहमीचंच. नेहमीचं काय, थे मले येऊन विचारतेत."

"मला वाटलं तुम्हाला सांगितलं तर..."

"मलेही तसंच वाटलं." ती हसली. मग हसू पुसून म्हणाली, "त्याईले तुमीच सांगा. मी सांगन त म्हनतीन, बाईनं भावाभावात लावून देल्लं. लवकर सांगा भाऊजी. तुमच्या भरोशावर उभे राहून राहिले थे."

सांगायला मी गेलो नाही असं नाही. एकदा शेतात गेलो, तर दादानं माझ्या हातात विळाच दिला. दुसऱ्यांदा चहाच्या वेळी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानं विचारलं, तुझी रिटायरमेंट कधी आहे? होऊन आठवडा झाला होता. मी म्हणालो, झाली. तो म्हणाला, "हो ना, नारळ त म्याच फोडला," आणि आम्ही दोघं कपात बघत बसलो.

तालमी समाजमंदिरात चालायच्या, दिवेलागण झाल्यावर. त्या संध्याकाळी पहिल्या अंकाचा शेवट होता. मुलगा शहरात जायला निघतो आणि बाप त्याला अडवतो. मुलाचं काम गावातला किराणा दुकानदार करतो. त्याचं स्वतःचं पोरगं कॉलेजात आहे आणि पोट त्याच्या आधी स्टेजवर येतं, पण पाठांतर चोख. पेटीवाले मास्तर माझ्या शेजारी बसलेले.

दुकानदार म्हणाला, "बाबा, मी जाणारच!"

दादा पवित्रा घेऊन उभा. पुढचं वाक्य होतं : "हा उंबरठा ओलांडलास, तर बाप मेला असं समज." माझं बोट त्या ओळीवर होतं. मी दादाकडे पाहिलं आणि विंगेतल्या त्याच आवाजात, त्याच गतीनं म्हणालो, "मी मंडईला नसेन. मी जातोय तो परत येणार नाही."

दादानं उजवा हात वर केला, छाती भरून घेतली आणि समाजमंदिराचे पत्रे हलतील अशा आवाजात म्हणाला, "मी मंडईला नसेन! मी जातोय... तो परत येणार नाही!"

क्षणभर कोणाला काही कळेना. मग दुकानदार आपल्या बोलीवर आला. "मंडईले नाई? मंग आपन नाटक कायले करून राहिलो जी?"

सगळे हसले. दादा मात्र हात तसाच वर धरून विंगेकडं वळला आणि हळूच म्हणाला, "पुढं?"

मी पुढचं वाक्य दिलं. त्यानं तेही म्हटलं, उंबरठा ओलांडलास तर बाप मेला असं समज. तोवर हसू एकेकाच्या तोंडावरून उतरायला लागलं होतं. दादा काय बोलून गेला आणि ते त्याला समजलंच नाही, हे सगळ्यांनी पाहिलं. ते शब्द कुठून आले हे मास्तरांनी ऐकलं होतं. त्यांचा हात पेटीच्या भात्यावर थांबून राहिला.

"मास्तरांशी बोलत होतो," मी म्हणालो, "चुकून मोठ्यानं गेलं."

चुकून गेलं नव्हतं. मी मास्तरांशी बोलत नव्हतो. मला स्वतःच्या तोंडानं सांगायचं धाडस नव्हतं, हे अर्धं. उरलेलं अर्धं जास्त वाईट आहे. तो ओळखतो का ते मला बघायचं होतं. बांधाला खेकड्यानं भोक पाडलं की ते कुठवर गेलंय ते आपण काडी घालून बघतो. मी माझ्या भावात काडी घालून बघितली, चार माणसांसमोर.

घरी जाताना आम्ही दोघंच होतो. टॉर्च त्याच्याकडे. समाजमंदिर मागं पडल्यावर तो बोलला.

"बाबू, थे वाक्य पुस्तकातलं नोहोतं."

"नव्हतं."

"मी बोलून गेलो."

"हो."

"कोनाचं होतं?"

"माझं."

तो चालत राहिला. मला वाटलं विषय विसरला. मग म्हणाला, "तुयं होतं त तू बोलाचं ना. मायं तोंड कायले वापरलं?"

मी त्याच्या टॉर्चच्या उजेडात पाय टाकत राहिलो.

"मी भुलून राहिलो, थे मले मालूम हाये," तो म्हणाला. "तुले मालूम नाई असं वाटे. म्हनून तुयावर बिनधास्त होतो. बाबू सांगते, आपन बोलाचं." टॉर्चचा उजेड त्यानं रस्त्यावरच ठेवला, माझ्याकडं वळवला नाही. "तुले पाहाचं होतं ना मी ओरखतो का? झालं पाहून?"

"झालं."

"अन् जाऊन राहिला थे, नेहमीसाठी?"

"हो."

"कोनी बोलावलं?"

इथं पुन्हा मान हलवता आली असती. मुलीनं, म्हणालो असतो तर त्यानं मानलं असतं. मी म्हणालो, "मीच मागितलं, दादा. मला जायचं होतं. आणि तुझं असं होताना मला बघवणार नव्हतं."

तो थांबला. मला वाटलं आता शिवी देईल. दिलीही, चांगली ठसठशीत, आमच्या झाडीपट्टीतली. मग पुढं चालायला लागला. घर आल्यावर फाटकाशी म्हणाला, "जेवून घे. तुया वहिनीनं चिकोड्या तळल्या असतीन." त्या रात्री तो माझ्याशी आणखी काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी तो स्वतः तालमीत जाऊन उभा राहिला. "मी भुलतो," त्यानं सगळ्यांना सांगितलं. "तुमी पाहालं. काम दुसऱ्याले द्याचं असंन त देऊन टाका. मले ठेवाचं असंन त मागून सांगनारा पायजे, अन् पक्का पायजे. बाबू चालला."

काम काढून घ्यायला कोणी तयार नव्हतं. दुकानदाराला कल्पना सुचली. "ब्लूटूथ कानात टाकू जी! साहेब तिकडून फोनवर वाचतीन. तिकडं तवा सकार राहते, झोपेचीही खोटी नाई."

"अन् नेट गेलं त? बाप मुका?" मास्तर म्हणाले.

"माया कानात तिकडचा आवाज नको," दादा म्हणाला.

तेव्हा दाराशी डबा घेऊन उभी असलेली वहिनी म्हणाली, "मी बसतो विंगीत."

दादाच सगळ्यात आधी भडकला. "बाईमानूस विंगीत? लोक हासतीन."

"हासू द्या. चस्मा कुठं हाये, दवाईची गोरी घेतली का नाई, कोन पाहुना आला, दिवसभर मीच सांगतो ना? एक रात्र स्टेजवर सांगन. तितंच काय लाज आली तुमाले?"

पुढच्या दिवसांत मी वहिनीला शिकवत होतो. नाटक तिला कानानं अर्धंअधिक येतच होतं. शिकवायचं होतं ते वेगळं. तो कुठं थांबला म्हणजे श्वास घेतोय आणि कुठं थांबला म्हणजे हरवलाय. लहान वाक्यांच्या आधी तयार राहायचं. ती विचारी, "हे तुमाले कसं समजते?" आणि मी सांगे. कोणाला इतकं सलग मी आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. कधी तीच मला सुधारे. "नाई भाऊजी, अंगठा बोटावर घासाले लागले का समजाचं, गेलं."

मी निघायच्या आदल्या संध्याकाळी पूर्ण तालीम ठेवली. वहिनी विंगेत स्टुलावर, नाकावर चष्मा, पदर खोचलेला. माझ्या हातात काहीच नव्हतं. मास्तर म्हणाले, खाली बसा ना साहेब, लोकांच्या जागेवर. मी सतरंजीवर बसलो.

आणि माझ्या लक्षात आलं की दादाचं काम मी समोरून कधीच पाहिलेलं नाही. मला त्याचा एक गाल, एक कान आणि वर जाणारा हात माहीत होता. बाकीची नजर पुस्तकात. तो रागावतो तेव्हा त्याचे डोळे आधी भरतात आणि मग आवाज चढतो, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. मला नव्हतं. बाया रडतात त्या आवाजामुळं, असंच मी धरून चाललो होतो.

तो दोनदा अडकला. पहिल्यांदा वहिनीचा आवाज आला, जरा मोठाच, मागं कोणीतरी खुसखुसलं, पण दादानं वाक्य उचललं. दुसऱ्यांदा दुकानदारानं विचारलं, "बाबा, कोण आलंय?" आणि दादाचा अंगठा बोटांवर घासू लागला. माझे ओठ हलले. आवाज निघू दिला नाही. वहिनीलाही पान सापडत नव्हतं. दादा समोर बघत होता, माझ्याकडे नव्हे, माझ्या डोक्यावरून, जिथं लोक असतात तिथं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग विंगेतून आलं, "कोणी नाही," आणि तो म्हणाला, "कोणी नाही," इतक्या हळू, की आता त्याला वाक्य मिळालंय की तो खरंच उत्तर देतोय ते मला ओळखता आलं नाही.

तालीम संपल्यावर दुपट्ट्यानं तोंड पुसत तो खाली आला.

"कसं झालं?"

दुकानदार त्याच्यामागून मला खुणा करत होता, चांगलं म्हणा, चांगलं म्हणा.

"दोन जागी अडकलास," मी म्हणालो. "दुसऱ्या जागी जास्त. पण तिथं घाई करू नको. तिथलं थांबणं चांगलं दिसतं."

"अन् बाकी?"

"बाकी मी आजच पाहिलं दादा. समोरून."

"इतके साल काय झोपून राहिला होता?"

"पुस्तकात डोकं होतं ना."

"मंग सांगाचं ना बे. वाचाले कोनीही बसलं असतं."

तो कोपऱ्यातल्या माठाकडं गेला, पेलाभर पाणी प्यायला, वहिनीला काहीतरी चिडवून बोलला, तीही ठसक्यात काहीतरी म्हणाली. मग दुपट्टा खांद्यावर टाकत पुन्हा माझ्याकडं आला, शेजारी बसला आणि मांडीवर थाप मारून म्हणाला, "हं बाबू. कसं झालं?"

मागून दुकानदाराचं तोंड पडलेलं मला दिसलं. मी दादाकडे वळून बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.